आत ओढलेलं निपल: टाका उसवायचा, पण कुठला?

कापसाची गादी भरून झाली की गादीवाला दाभणात जाड दोरा ओवतो आणि वरून खाली, खालून वर असे टाके घालत जातो. दोरा घट्ट ओढला की त्या जागी गादी दबते आणि छोटासा खळगा पडतो. बाकी गादी फुगलेली, टाक्याची जागा तेवढी आत. आत वळलेल्या निपलचं हे असंच असतं. स्तनाच्या आतले काही आखूड, चिवट धागे त्याला खाली धरून ठेवतात, म्हणून ते वर येत नाही. ऑपरेशन म्हणजे ते धागे उसवणं. एवढंच असतं तर लेख इथेच संपला असता. गोची अशी आहे की त्या धाग्यांच्या जुडीतच दुधाच्या नळ्याही असतात, आणि पुष्कळदा आखूड पडलेल्या असतात त्या नळ्याच.

त्यामुळे ‘यावर सगळ्यात चांगलं ऑपरेशन कोणतं?’ असं कुणी विचारलं की मी उलट दोन प्रश्न विचारते. कधीपासून आत आहे? आणि पुढे बाळाला अंगावर पाजायचंय का? बाकीचं बरंचसं या दोन उत्तरांवर ठरतं.

पुस्तकात याला स्तनाग्र म्हणतात, गावाकडे बोंड म्हणतात, दवाखान्यात सगळेच निपल म्हणतात. मीही निपलच म्हणणार आहे. या विषयावर बोलताना आपला आवाज आधीच इतका खाली जातो की शब्दसुद्धा अवघड घेतला तर बोलणं तिथेच थांबतं.

तर, आधी हे होतं कसं ते बघू. पोटातल्या गर्भाला निपल नसतंच, त्या जागी खळगा असतो. दुधाच्या नळ्या त्या खळग्याच्या तळाशी उघडतात. जन्माच्या सुमारास खळग्याखालचं मांस वाढतं आणि खळगा उलटून बाहेर येतो, रबरी हातमोज्याचं आत गेलेलं बोट फुंकर मारून बाहेर काढावं तसा. म्हणजे आपल्या प्रत्येकाचंच निपल कधीतरी आत होतं. काहींच्या बाबतीत हे काम अर्धवट राहतं. नळ्या आखूड राहतात, त्यांच्या भोवतीचे तंतू घट्ट होतात आणि खालून उचलून धरणारं मांस कमी पडतं. याला आजार म्हणण्यापेक्षा राहून गेलेलं काम म्हणणं जास्त बरोबर. दक्षिण कोरियात 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 1,625 स्त्रियांपैकी 53 जणींमध्ये जन्मजात आत वळलेलं निपल आढळलं, म्हणजे शंभरात साधारण तिघी. त्यातल्या बहुतेकींची दोन्ही बाजूंची निपल आत होती. पुरुषांमध्येही हे असतं, फक्त त्यांना कुणी विचारायला जात नाही.

घरी ओळखायचं असेल तर अंगठा आणि तर्जनी निपलच्या भोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेला ठेवून हलकेच दाबायचं. निपल पुढे आलं तर ते नुसतंच चपटं आहे. आणखी आत गेलं तर खऱ्या अर्थाने आत वळलेलं.

पुढची पायरी म्हणजे ते किती घट्ट धरलंय हे बघणं. हान आणि होंग या कोरियन सर्जनांनी 1999 साली याच्या तीन पायऱ्या मांडल्या आणि आज जगभरचे प्लास्टिक सर्जन त्याच भाषेत बोलतात. पहिल्या पायरीत बोटाने निपल सहज बाहेर येतं आणि सोडल्यावरही काही काळ तसंच राहतं. आतले धागे जेमतेम, नळ्या धड. दुसऱ्या पायरीत ते बाहेर येतं, पण थोडं कष्टाने, आणि सोडलं की परत आत. धागे बऱ्यापैकी घट्ट, नळ्या थोड्या ओढलेल्या. तिसऱ्या पायरीत कितीही प्रयत्न केला तरी ते जवळजवळ बाहेर येतच नाही. नळ्या खूप आखूड, धागे दाट, आणि खाली भर घालायला मांसच नाही. काही जणींना या खळग्यात सारखं ओलसर राहून पुरळ उठतं, वास येतो, स्वच्छता ठेवणं कठीण होतं. दुसऱ्या पायरीच्या बायका सगळ्यात जास्त संभ्रमात असतात, कारण त्यांच्यापुढे पर्यायही सगळ्यात जास्त असतात.

आता ‘कधीपासून?’ हा प्रश्न. वयात आल्यापासून तसंच आहे, दोन्हीकडे आहे, वर्षानुवर्षं काही बदललेलं नाही, असं असेल तर घाबरण्याचं कारण सहसा नसतं. पण आजवर बाहेर असलेलं निपल गेल्या काही महिन्यांत आत ओढलं गेलं असेल, तेही एकाच बाजूचं, तर दिसण्याचा विचार बाजूला ठेवून आधी तपासणी करायची. कारण गाठसुद्धा अगदी असाच टाका घालते. स्तनाचा कर्करोग आतले तंतू आखडवतो आणि निपल किंवा वरची कातडी आत खेचतो. बरोबर गाठ हाताला लागत असेल, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसत असेल, निपलमधून रक्तमिश्रित पाणी येत असेल, किंवा निपलवरचा खरजेसारखा चट्टा मलमाने बरा होत नसेल, तर एक आठवडाही थांबू नये. दरवेळी कर्करोगच निघतो असं मुळीच नाही. नळ्या रुंद होऊन सुजल्या, जुना गळू भरून आला, स्तनाचा क्षय झाला, तरी निपल आत जातं. पण हे डोळ्यांनी बघून ओळखण्याचं काम नाही. डॉक्टर हाताने तपासतात, वयाप्रमाणे सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी सांगतात, शंका असेल तर सुईने तुकडा काढून तपासायला पाठवतात. हे न करता थेट ‘निपल बाहेर काढून देतो’ म्हणणाऱ्या दवाखान्यातून उठून यावं.

ऑपरेशनकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगते, कारण बऱ्याच बायकांचं काम इथेच भागतं.

माझ्या नणंदेच्या पहिल्या बाळंतपणात दुसऱ्या दिवशी रात्री बाळ रडून लाल झालं होतं आणि ती त्याच्यापेक्षा जास्त रडत होती. दोन्ही निपल आत. बाळ तोंड लावायचं, घसरायचं, चिडायचं. सासूबाई दर दहा मिनिटांनी म्हणत होत्या, “आमच्यात बाई कुणाला असं नव्हतं.” तेवढ्यात रात्रपाळीच्या वयस्कर सिस्टर आल्या. त्यांनी 10 मिलीची नवी सिरिंज फोडली, सुई बसवतात त्या टोकाचा भाग ब्लेडने सरळ कापून टाकला, दट्ट्या बाहेर ओढला आणि कापलेल्या बाजूने आत घातला. म्हणजे कापलेली खरखरीत कड गेली दट्ट्याकडे, आणि मूळची गुळगुळीत पंखाची कड आली छातीकडे. “ही धर. निपलवर ठेव आणि दट्ट्या हळू मागे ओढ. दुखायला लागलं की थांब.” अर्ध्या मिनिटात ते बाहेर आलं होतं. सिस्टरनी लगेच बाळाला तिथे लावलं, नुसत्या निपलवर नाही, भोवतीचा गडद भाग तोंडात जाईल असं. नणंद माझ्याकडे बघून म्हणाली, “वहिनी, एवढंच होतं?”

एवढंच नव्हतं, पुढचे तीन आठवडे दर पाजण्याआधी ते करावं लागलं. पण बाळ अंगावर प्यायलं. ही सिरिंजची युक्ती आपल्या शेजारच्या कर्नाटकातली आहे. दावणगेरेच्या डॉ. केसरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 1993 साली स्तनपानाविषयीच्या एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात छापली आणि तिथून ती जगभर गेली. वर्षभरानंतर ब्रिटनमधले प्लास्टिक सर्जन मॅकजॉर्ज यांनी याच तत्त्वावरचं, कपड्यांखाली सतत घालून ठेवायचं एक छोटं पारदर्शक टोपण मांडलं. ‘निप्लेट’ नावाने ते बाजारातही आलं. तत्त्व एकच. रोज थोडा थोडा ताण दिला की आखूड धागे सैलावतात. पहिल्या पायरीत याचा चांगला उपयोग होतो, दुसरीत काही जणींना होतो, तिसरीत फार आशा धरू नये. जोरात ओढलं तर कातडीला चीर पडते, हे मात्र लक्षात ठेवायचं. आणि गरोदरपणात हे सुरू करायचं असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं.

गरोदरपणात निपल बोटांनी ताणायचे व्यायाम आणि ब्राच्या आत घालायची प्लास्टिकची कवचं हे मात्र आजही उगाचच सुचवलं जातं. ब्रिटनमध्ये 1992 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत या दोन्हींचा फायदा दिसला नाही. उलट कवचं वापरायला सांगितलेल्या गटात सहा आठवड्यांनंतर अंगावर पाजणाऱ्या कमीच निघाल्या. आधीपासूनच ‘तुझ्यात काहीतरी कमी आहे’ असं मनावर बिंबवलं की असं होणारच, असं माझं मत. बाळ निपल चोखत नाही, स्तन चोखतं. नीट लावलं तर आत वळलेल्या निपलवरही पुष्कळ बाळं पितात.

आता ऑपरेशन.

एकोणिसाव्या शतकात जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ केरर यांनी याची पहिली शस्त्रक्रिया लिहून ठेवली. हेच ते केरर, ज्यांनी 1881 साली सिझेरियनमध्ये गर्भाशयाला खालच्या बाजूला आडवा छेद देण्याची पद्धत वापरली, जिच्या वंशातली पद्धत आजही आपल्याकडे रोज वापरली जाते. त्यांच्या काळी वरचं दूध म्हणजे बाळाच्या जिवाशी खेळ होता, त्यामुळे निपल बाहेर काढायचं ते दुधासाठीच. आज उलट झालंय. बहुतेक जणी दिसण्यासाठी, लाज वाटते म्हणून, जोडीदारापुढे संकोच वाटतो म्हणून येतात, आणि त्यांना हवी असलेली काही ऑपरेशनं नेमका दुधाचाच रस्ता बंद करतात. त्या कारणांना मी हसणार नाही. वर्षानुवर्षं कपडे बदलताना भिंतीकडे तोंड करणं सोपं नसतं.

तेव्हापासून आजवर या एवढ्याशा जागेवर इतक्या पद्धती निघाल्या आहेत की सर्जनांच्या नावांची यादीच पानभर होईल. एखाद्या दुखण्यावर शंभर औषधं असली की त्यातलं एकही रामबाण नाही असं समजावं, तसंच हे. सगळ्या पद्धतींमध्ये कामं तीनच असतात. धरून ठेवणारे धागे सोडवायचे. वर आलेल्या निपलखालची पोकळी कशाने तरी भरायची. आणि ते परत खाली बसू नये म्हणून मानेशी आवळायचं किंवा वरून टांगून ठेवायचं. कुठला सर्जन यातलं काय किती करतो, एवढाच फरक.

नळ्या वाचवून करायची पद्धत आधी बघू, कारण मूल हवं असलेल्या बाईने हीच मागायची. शक्यतो जागेवर बधिर करून, दिवसाच्या दिवशी घरी जाता येईल असं हे काम. सर्जन निपलच्या टोकातून एक दोरा ओवतात आणि सहाय्यक तो सरळ वर ओढून धरतो. मग निपलच्या पायथ्याशी, घड्याळाचे आकडे धरले तर साधारण सहाच्या जागी, काही मिलिमीटरचा छेद. त्यातून बारीक कात्रीचं टोक मिटलेलं आत जातं आणि उघडत बाहेर येतं. कापत नाही, फाकवतं. आणि फाकवतं ते नळ्यांच्या दिशेने, उभं. इथे सगळं कसब आहे. केसांचा गुंता सोडवताना आपण कंगवा केसांच्या दिशेने फिरवतो, आडवा नाही, तसंच. आडवं गेलं की नळी तुटली. मधल्या तंतूंचे पूल एकेक करून सुटत जातात, आणि एक क्षण असा येतो की ओढून धरलेला दोरा ढिला सोडला तरी निपल आपलं आपण उभं राहतं. तो क्षण आला नाही आणि तरीही टाके घालून बंद केलं, तर काही महिन्यांत ते परत आत जाणार.

काही सर्जन छेदही घेत नाहीत. जाड सुई त्वचेतून आत घालून तिच्या धारदार टोकाने धागे सोडवतात. व्रण जवळजवळ दिसत नाही. पण आतलं डोळ्यांना दिसत नाही, हातालाच कळतं, त्यामुळे धागे थोडे राहून जाण्याचा किंवा नळीला इजा होण्याचा धोका कमीजास्त असतोच.

धागे सुटले की आवळायचं. यासाठी सगळ्यात जास्त वापरला जातो तो बटव्याचा टाका. आजीच्या बटव्याच्या तोंडाशी नाडी ओवलेली असायची, ती ओढली की तोंड गोळा होऊन घट्ट व्हायचं. निपलच्या मानेभोवती, कातडीखालून, असाच एक दोरा गोल फिरवतात आणि ओढून गाठ मारतात. मान बारीक झाली की वरचा भाग खाली घसरत नाही. नाडी किती आवळायची याला मात्र मोजमाप नाही. सैल राहिली तर निपल परत बसतं. फार आवळली तर त्याचा रक्तपुरवठाच तुटतो आणि निपल काळं पडू लागतं. म्हणून गाठ मारल्यावर चांगला सर्जन थोडा वेळ नुसता रंग बघत थांबतो.

पहिल्या पायरीत आणि दुसरीच्या बऱ्याच जणींत एवढ्यावर भागतं. पण गादीचा जुना टाका उसवला तरी त्या जागचा कापूस दबूनच गेलेला असतो, खळगा लगेच भरून येत नाही. तिथे नवा कापूस भरावा लागतो. दुसरीच्या वरच्या टोकाला आणि तिसरीत हीच अडचण येते. मग शेजारच्याच गडद वर्तुळातली कातडी वापरतात. निपलच्या दोन्ही बाजूंना छोटे त्रिकोण आखतात, त्यांच्यावरचा पातळ पापुद्रा काढून टाकतात आणि खालचा जाड थर एका बाजूने जोडलेलाच ठेवून निपलच्या बुडाखालून बोगदा करून पलीकडे नेतात. दोन्हीकडचे असे पट्टे एकमेकांना भेटले की खाली उशीही तयार होते आणि झोळीसारखा आधारही. हे करताना नळ्या मधे येतातच. कुशल हात त्यांच्यामधून वाट काढतो, पण तिसऱ्या पायरीत दरवेळी ते जमेलच असं नाही. वर्तुळावर बारीक व्रण राहतात. गडद, सुरकुतलेल्या कातडीत ते बऱ्यापैकी लपतात.

तिसरा मार्ग म्हणजे नळ्या कापणं. धाग्यांबरोबर आखूड नळ्याही सरळ छाटायच्या. टाका मुळापासूनच गेला, मग खेचणार कोण? निपल छान उभं राहतं आणि परत आत जाण्याचा धोका या पद्धतीत सगळ्यात कमी मानतात. किंमत दुधाची. आपल्याला शाळेत शिकवलेला नळ्यांचा आकडा 15 ते 20 असायचा. ऑस्ट्रेलियात 2005 साली प्रसिद्ध झालेल्या सोनोग्राफीच्या अभ्यासात निपलमधल्या नळ्या सरासरी नऊच भरल्या. म्हणजे मुळात थोड्याच, त्यात कापल्या की गेल्याच. पुढे बाळंतपण झालं तर दूध तयार होतं, पण बाहेर यायला वाट नसते. स्तन काही दिवस दगडासारखा होतो, दुखतो, मग ग्रंथी हळूहळू थंडावतात. कापलेल्या नळ्या काही वेळा पुन्हा जुळतात, पण त्यावर भरवसा ठेवून ऑपरेशन करू नये. मुलं झालेली आहेत, आणखी नकोत, निपल तिसऱ्या पायरीचं आहे, खळग्यात सारखा जंतुसंसर्ग होतो, अशा बाईसाठी मात्र हा मार्ग सरळ आणि रास्त आहे. तिला नळ्या वाचवण्याच्या आग्रहापायी दोनदा ऑपरेशन करायला लावणं हाही अन्यायच.

या सगळ्यात एक वाक्य नीट ऐकायचं असतं. ‘नळ्या वाचवून करतो’ याचा अर्थ ‘पुढे दूध येईलच’ असा होत नाही. आतला व्रण आखडतो, नळी न कापताही चेपली जाते. शिवाय मुळात तिसऱ्या पायरीच्या नळ्या ऑपरेशनशिवायही धड वाहतील याची खात्री नसते. जो सर्जन हे स्वतःहून सांगतो, त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

दागिन्यासाठी निपल टोचून घेतलं की ते बाहेर राहतं, असंही काही मुली ऐकतात. तत्त्व खोटं नाही. आडवी दांडी घालून निपल महिनोन् महिने बाहेर धरून ठेवण्याची पद्धत काही सर्जननी वापरली आहे. पण ती ऑपरेशन थिएटरमध्ये, धागे सोडवून. पार्लरमध्ये कान टोचावा तसं हे टोचून घेतलं तर भोक नळ्यांमधूनच जातं आणि पिकलं की गळू थेट स्तनात.

ऑपरेशननंतरचे दिवस तसे फार दुखरे नसतात, सांभाळायचे असतात. टोकातून ओवलेला तो दोरा लगेच काढत नाहीत. निपलभोवती कापलेल्या सिरिंजचा तुकडा किंवा औषधाचं छोटं प्लास्टिकचं टोपण उलटं ठेवून दोरा त्याच्या कडेला बांधतात, म्हणजे निपल तंबूच्या खांबाला टांगल्यासारखं वर राहतं. काही दिवस ते, काही आठवडे मेदूवड्यासारखी मधे भोक असलेली स्पंजची चकती ब्रामध्ये. बसचा दांडा धरून गर्दीत उभं राहणं, लहान मुलाला छातीशी घेणं, पालथं झोपणं, हे सगळं बंद. वरचे टाके साधारण आठवडा ते दोन आठवड्यांत निघतात. सूज आणि काळंनिळं पडणं दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. स्पर्शाची जाणीव काही काळ बधिर किंवा उलट फार तीव्र होते. बहुतेकींची परत ताळ्यावर येते, थोड्यांची कायमची कमी राहते. निपल पांढरंफटक किंवा काळपट दिसू लागलं, ताप आला, एका बाजूला टणक सूज आली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता फोन करायचा.

सिगारेट बंद करायला सगळेच सांगतात. आपल्याकडे ‘मी कुठे सिगारेट ओढते’ म्हणणाऱ्या कितीतरी बायका सकाळी मिश्री लावतात आणि ती तंबाखूत मोजत नाहीत. शरीर मात्र मोजतं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि निपल जगतं ते अशाच बारीक वाहिन्यांवर. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काही आठवडे मिश्रीही बंद, आणि डॉक्टरांना ती लावत होतो हे लाज न बाळगता सांगायचं.

निपल परत आत जाऊ शकतं. गेलं तर बहुधा पहिल्या काही महिन्यांत, व्रण आखडताना. म्हणून महिन्याभराच्या फोटोवर भाळून जाऊ नये. सर्जनना विचारावं की तुमच्या पेशंटचे वर्षानंतरचे फोटो दाखवता का, आणि परत आत गेलं तर दुसऱ्या वेळचा खर्च कुणाचा.

खर्चावरून आठवलं. आरोग्य विम्यात दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया सहसा बसत नाही. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीय गरज म्हणून केलेली शस्त्रक्रिया बसू शकते. जीएसटीचंही असंच. निव्वळ सौंदर्यासाठीच्या प्लास्टिक सर्जरीवर तो लागतो, जन्मजात दोषामुळे बिघडलेली रचना किंवा कार्य दुरुस्त करायला केलेल्या शस्त्रक्रियेला सूट आहे. त्यामुळे कागदावर काय लिहिलंय हे महत्त्वाचं ठरतं. ‘जन्मजात, तिसरी पायरी, वारंवार जंतुसंसर्ग, बाळाला पाजता आलं नाही’ हे खरं असेल तर ते केसपेपरवर स्पष्ट लिहून घ्यावं. आणि करणारा माणूस प्लास्टिक सर्जन आहे ना, म्हणजे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी (हल्ली डीआरएनबी) ही पदवी आहे ना, हे पाटीवर बघावं. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ ही पाटी वेगळी.

गरोदर असताना किंवा बाळ अंगावर पीत असताना हे ऑपरेशन करत नाहीत. बाळाचं अंगावरचं पिणं सुटल्यावर काही महिने स्तन मूळ आकाराला येऊ द्यायचे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन येणाऱ्या आयांनाही सहसा थांबायला सांगतात, कारण वाढ चालू असते आणि पुढे गरोदरपणातल्या बदलांनी काही निपल आपोआप बरीच बाहेर येतात.

नणंदेचं पुढे काय झालं, तर मुलगा शाळेत जायला लागल्यावर ती प्लास्टिक सर्जनकडे गेली. मीही बरोबर होते. तिने मोबाइलमध्ये सगळ्या पद्धती लिहून नेल्या होत्या. बटव्याचा टाका, त्रिकोण, सुई, सगळं. डॉक्टरबाईंनी तपासलं, दुसरी पायरी म्हणाल्या, एका बाजूला जरा घट्ट. मग मोबाइलकडे न बघताच विचारलं, “आणखी मूल हवंय का?”

नणंद माझ्याकडे बघायला लागली. “अजून ठरलं नाही.”

“मग ते ठरलं की या,” डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि तपासणीची फी तेवढी घेतली.